देखरेख, पाळत आणि मोकळे रान : 'फँड्री'च्या आधारे मुलांच्या मुक्त संचाराची चिकित्सा

प्रस्तावना

मुलांनी मोठ्या माणसांच्या सोबतीशिवाय घराबाहेर पडावे, खेळावे, ओढ्याकाठी हिंडावे, शाळेत एकट्याने जावे-यावे, ही एकेकाळी कोणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट होती. आज ती चर्चेचा, चिंतेचा आणि अभ्यासाचा विषय झाली आहे. शहरातील शिक्षित पालक मुलांचे मैदान हरवल्याची खंत व्यक्त करतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून सुट्टीतील विटीदांडू, सूरपारंब्या आणि विहिरीतील पोहणे यांच्या आठवणी लिहिल्या जातात. या स्मरणरंजनात एक गृहीत दडलेले असते. पूर्वी सर्व मुले मोकळी होती, आता ती बंदिस्त झाली, असे ते गृहीत होय. ते सर्व मुलांच्या बाबतीत खरे आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नागराज मंजुळे लिखित-दिग्दर्शित 'फँड्री' या मराठी चित्रपटाच्या आधारे केला आहे. 2013 मध्ये पूर्ण झालेला आणि 14 फेब्रुवारी 2014 रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झालेला हा चित्रपट अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) शहराजवळील अकोळनेर गावच्या पार्श्वभूमीवर घडतो. मंजुळे यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतले. शाळेची ओढ असलेल्या वंचित मुलावरील त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यामुळे या जिल्ह्याची भूमी, तिची बोली आणि तिचे रान या चित्रपटात केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत. 61 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'फँड्री'ला दिग्दर्शकाच्या पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला, तर जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला.

'फँड्री'ची समीक्षा जातवास्तव आणि किशोरवयीन प्रेम या दोन अंगांनी पुष्कळ झाली आहे. तथापि हा चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत घराबाहेर हिंडणाऱ्या एका मुलाचा चित्रपट आहे, या साध्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जब्या कोठे जाऊ शकतो, कोठे जाऊ शकत नाही, कोठे तो पळतो आणि कोठे लपतो, हे पाहत गेल्यास बालस्वातंत्र्याच्या प्रचलित कल्पनेची एक मूलगामी चिकित्सा या कलाकृतीत आढळते.

मुक्त संचाराची संकल्पना

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. कॉलिन वॉर्ड यांचा 'द चाइल्ड इन द सिटी' हा ग्रंथ 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. मेयर हिलमन, जॉन अॅडम्स आणि जॉन व्हाइटलेग यांचा 'वन फॉल्स मूव्ह' हा अभ्यास 1990 चा. इंग्लंडमध्ये 1971 साली 7 ते 8 वर्षे वयाची 80 टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती, 1990 मध्ये हे प्रमाण 9 टक्क्यांवर आले, हा या अभ्यासाचा गाजलेला निष्कर्ष होय. रस्त्यावरील अपघात कमी झाल्याचे समाधान शासन मानत होते. परंतु रस्ते सुरक्षित झाल्यामुळे अपघात कमी झालेले नसून मुलांनाच रस्त्यावरून काढून घेतल्यामुळे ते कमी झाले आहेत, असे या अभ्यासकांचे म्हणणे होते. पुढे अमेरिकेत याच विचारातून पालकांची चळवळ उभी राहिली. 2018 मध्ये यूटा राज्याने तर मुलाला एकट्याने शाळेत किंवा मैदानावर जाऊ देणे म्हणजे हयगय नव्हे, असा कायदाच केला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील 31 वे कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते. भारताने ही संहिता 1992 मध्ये स्वीकारली.

या सर्व विचारात एक समान सूत्र आहे. मुलाच्या संचाराचा निर्णय पालक घेतो. पालकाची भीती वाढली की मुलाचे क्षेत्र आक्रसते, भीती कमी झाली की ते विस्तारते. म्हणजे स्वातंत्र्य हा घरातून बाहेर सोडलेला दोर आहे, आणि तो किती सैल सोडायचा एवढाच वाद आहे. जेथे रस्ता तत्त्वतः सर्वांचा मानला जातो, तेथे हे सूत्र बरेचसे लागू पडते. जेथे रस्ता, पाणवठा, देऊळ आणि मैदान यांवर कोणाचा किती हक्क हे जन्माने ठरत आले आहे, तेथे ते अपुरे पडते. 'फँड्री'च्या वाचनासाठी म्हणून दोन मराठी शब्दांमधील भेद उपयोगी ठरतो : 'देखरेख' आणि 'पाळत'. देखरेख करणाऱ्याला मुलाची काळजी असते. पाळत ठेवणाऱ्याला मुलाचा संशय असतो. देखरेख मुलाला जपण्यासाठी असते, तर पाळत मुलापासून इतरांना जपण्यासाठी. मूल मोठ्यांच्या देखरेखीतून सुटले म्हणजे ते मोकळे झाले, असे मानणारा विचार पाळतीची दखल घेत नाही.

मराठी साहित्यातील हिंडणारे मूल

मराठी बालसाहित्याने हिंडणाऱ्या मुलाचे चित्रण प्रेमाने केले आहे. भा. रा. भागवत यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि सायकलवर टांग मारून साऱ्या शहराचा होतो. प्रकाश नारायण संत यांचा लंपन सीमाभागातील गावात आजी-आजोबांकडे राहतो, आणि त्याच्या लेखी गावातला रस्ता, झाडी व रेल्वेचे रूळ हेच एक विश्व असते. चित्रपटांतही ही परंपरा चालू आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्ये वडिलांविना वाढणारा चिन्मय कोकणातील नव्या मित्रांसोबत सायकलवरून किल्ल्यावर जातो. परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी'तील (2014) बहीण-भाऊ लाडकी सायकल विकली जाऊ नये म्हणून पंढरीच्या गर्दीत घरच्यांच्या नकळत दुकान मांडतात.

या मुलांमध्ये कोणी सुखवस्तू आहेत, कोणी गरीब आहेत. त्यांच्यापुढे संकटेही येतात. पण एक गोष्ट त्यांना कोणीच विचारत नाही : 'तू इथे कसा?' फास्टर फेणे कोणत्याही वाड्यात शिरतो, लंपन कोणाच्याही ओसरीवर बसतो, पंढरपूरची मुले बाजारात जागा मिळवतात. त्यांचे धाडस वाचकाला आवडते, कारण गावाने त्यांना आधीच आपले मानलेले असते. त्यांचा मोकळेपणा म्हणजे या मान्यतेवर काढलेले व्याज होय. बालसाहित्याच्या गुणवत्तेला यामुळे बाध येत नाही. मात्र त्याच्या नकाशावर गावकुसाबाहेरची वस्ती फारशी दिसत नाही, याची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे.

हा नकाशा पहिल्यांदा उलटा धरला तो आत्मकथनांनी. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टोपल्या विणत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील या मुलाला हिंडण्याची कमतरता कधीच नव्हती. त्याला हवे होते ते थांबणे, म्हणजे एका गावात, एका शाळेत, एका बाकावर टिकणे. फास्टर फेणेला भटकंती हे साहस वाटते, 'उपरा'तील मुलाला ती शिक्षा वाटते. दोन्ही मुले घराबाहेर आहेत, परंतु परतायला घर असणे आणि नसणे यातील अंतर फार मोठे आहे. 'फँड्री'तील जब्याही कैकाडी आहे. 'फँड्री' हा त्याच्या भाषेतील डुकरासाठीचा शब्द. त्याचे आडनावही माने आहे. दिग्दर्शकाच्या मनात हे नाते असो वा नसो, वाचकाला ही दोन नावे शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

'फँड्री'तील चार अवकाश

'फँड्री'तील जब्याचा संचार प्रामुख्याने चार अवकाशांत घडतो : रान, गाव, शहराचा रस्ता आणि शाळा.

पहिला अवकाश रानाचा. चित्रपटाची सुरुवातच येथे होते. हातात गलोल घेऊन जब्या आणि त्याचा सोबती पिऱ्या बाभळीच्या झुडपांतून लांब शेपटीच्या काळ्या चिमणीमागे फिरत आहेत. त्या चिमणीची राख शालूच्या अंगावर टाकली की ती वश होईल, अशी जब्याची श्रद्धा आहे. कोरडे माळ, काटेरी झुडपे, दगडधोंडे आणि वर मोकळे आकाश, असे हे नगरी अवर्षणग्रस्त भागाचे रान आहे. निसर्गरम्यतेचा स्पर्श त्याला कोठेही नाही. तरीही संपूर्ण चित्रपटात जब्या खऱ्या अर्थाने खेळताना दिसतो तो येथेच. येथे त्याची चाल बदलते, आवाज बदलतो, तो पिऱ्याला हुकूम सोडतो, स्वप्न रचतो. याचे कारण शोधताना 'मोठी माणसे नाहीत' एवढे उत्तर पुरत नाही. मोठी माणसे त्याच्या झोपडीतही फारशी नसतात, कारण आईवडील दिवसभर कामाला जुंपलेले असतात. रानात नसते ती पाळत. तेथे त्याला कोणी कैकाड्याचा म्हणून हाक मारत नाही. आणि नेमक्या याच ठिकाणी तो वश करण्याच्या चिमणीचा शोध घेतो, हा तपशील अर्थपूर्ण आहे. जो मार्ग गावातून बंद आहे तो तो रानातून, जादूच्या वाटेने, शोधत असतो.

दुसरा अवकाश गावाचा. गावाच्या वाटांवर जब्या कधीच केवळ मूल नसतो. खड्ड्यात पडलेले डुकराचे पिल्लू बाहेर काढायला गावकरी त्याला सांगतात. तो नकार देतो, तेव्हा ते काम त्याच्या वडिलांच्या, कचरूच्या माथी येते. रस्त्याने चाललेल्या कोणत्याही मुलाला कोणीही वडीलधारी व्यक्ती काम सांगू शकते, ही ग्रामजीवनातील आपुलकीची रीत म्हणून सांगितली जाते. त्यातील कोणते काम कोणाच्या मुलाला सांगितले जाते, हे मात्र आपुलकीने ठरत नाही. जत्रेचा प्रसंग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. चांगले कपडे घालून जब्या मिरवणुकीत इतर पोरांबरोबर नाचतो. काही क्षण असे वाटते की ढोल-ताशाच्या गजरात सारे भेद विरघळले. तेवढ्यात त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती येते. ज्या मिरवणुकीत तो खेळत होता त्याच मिरवणुकीत तो उजेड धरणारा खांब होतो. बत्तीच्या उजेडात इतर मुले नाचताना दिसतात, आणि जब्याही सर्वांना दिसतो, पण तो त्यांच्यातला राहत नाही. खेळणारे मूल एका हाकेत राबणारे मूल कसे होते, याचे इतके नेमके दृश्य मराठी चित्रपटात विरळाच असेल.

तिसरा अवकाश शहराच्या रस्त्याचा. शालूसमोर चांगल्या कपड्यांत उभे राहता यावे म्हणून जब्या गारेगार विकायला सायकलवरून शहरात जातो. गावाच्या पाळतीपासून दूर, जात न विचारणारा अवकाश म्हणून शहराकडे आशेने पाहण्याची परंपरा दलित-भटक्या विचारविश्वात जुनी आहे. परंतु येथे सायकल उभी करून तो जरा बाजूला होतो आणि अवजड वाहनाखाली ती चिरडली जाते. फास्टर फेणेची सायकल त्याला संकटातून सोडवते. जब्याची सायकल त्याला कमाईपर्यंतही पोहोचवत नाही. हिलमन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये जी गोष्ट आकड्यांत मांडली, तिचे भारतीय रूप या एका प्रसंगात दिसते. रस्ता पायी चालणाऱ्याचा आणि सायकलस्वाराचा राहिलेला नाही, तो वाहनांचा झाला आहे. फरक इतकाच की तेथील मूल रस्त्यावरून घरात गेले, जब्याला परत जायला तसे घर नाही.

चौथा अवकाश शाळेचा. शाळा ही तत्त्वतः सर्वांची जागा. जब्यालाही तेथे बाक आहे, पुस्तक आहे, शालूला चोरून पाहण्याची मुभा आहे. बहिणीच्या लग्नासाठी पैसा हवा म्हणून कचरू गावातील डुकरे पकडण्याचे काम घेतो आणि ती धरपकड नेमकी शाळेच्या परिसरात, वर्गमित्रांच्या डोळ्यांदेखत होते. जब्या आडोशाला लपतो. वडील त्याला फरफटत बाहेर आणतात. पाठलाग रंगात आला असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या ताठ उभा राहतो, त्यामागोमाग सारे कुटुंब स्तब्ध होते, आणि डुक्कर निसटते. नागरिक म्हणून सर्वांबरोबर समान उभे राहण्याची संधी या मुलाला मिळते ती केवळ राष्ट्रगीत संपेपर्यंत. पुढे डुक्कर खांद्यावर घेऊन हे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते तेव्हा त्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा फुले, सावित्रीबाई फुले आणि संत गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. ज्या सावित्रीबाईंनी अहमदनगरच्या मिशन शाळेत सिंथिया फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, त्यांचे चित्र याच जिल्ह्यातील शाळेच्या भिंतीवर असावे आणि त्यासमोरून हे ओझे जावे, यातील उपरोध दिग्दर्शक एका शब्दानेही सांगत नाही.

चार अवकाशांचा हा क्रम लक्षात घेता एक गोष्ट स्पष्ट होते. जब्यावर देखरेख करणारे कोणी नाही, परंतु रान सोडले तर पाळत नाही अशी एकही जागा त्याला नाही. शेवटी तो जो दगड भिरकावतो तो थेट पडद्याकडे येतो. प्रेक्षकही त्या बघ्यांच्या गर्दीत उभा आहे, असे तो दगड सुचवतो. रानात चिमणीवर रोखलेली गलोल आणि गावात माणसांकडे भिरकावलेला दगड यांमधील अंतर म्हणजेच या मुलाचे बालपण होय.

हिंडण्याचा गुन्हा

जब्यावरील पाळत ही एका गावाची विकृती नव्हे. तिला कायद्याचा इतिहास आहे. ब्रिटिश राजवटीने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. या कायद्याखाली नोंदवलेल्या जमातींना हजेरी देणे आणि गाव सोडण्यासाठी परवाना घेणे बंधनकारक झाले. म्हणजे हिंडणे हाच गुन्हा ठरला. 1897 च्या दुरुस्तीने तर 4 ते 18 वर्षे वयाच्या मुलग्यांना आईवडिलांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद केली. मूल आईवडिलांसोबत राहणे हेच धोक्याचे मानले गेले. ऑगस्ट 1952 मध्ये हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी समाजाचा समावेश आहे. विदर्भातील जिल्ह्यांत हाच समाज अनुसूचित जातींत मोडतो. जिल्हा बदलला की त्याच माणसाचा कायदेशीर दर्जा बदलतो, हीदेखील संचाराच्या इतिहासाची एक विसंगती होय.

अशा समाजातील मूल रस्त्यावर एकटे दिसले तर त्याच्याकडे आजही दोन नजरांनी पाहिले जाते. शहरातील सुखवस्तू मूल एकटे दिसले तर 'हरवले आहे काय?' असे विचारले जाते. जब्यासारखे मूल दिसले तर 'काय उचलायला आलास?' असे विचारले जाते. पालकांनी निर्भय व्हावे, मुलांना मोकळे सोडावे, असे सांगणारा विचार पहिल्या मुलापुरता योग्य आहे. दुसऱ्या मुलाच्या पालकाने कितीही निर्भय व्हायचे ठरवले तरी त्या मुलाचे अंगण वाढत नाही, कारण ते त्याच्या पालकाने आखलेलेच नाही.

मुलीचे रान

'फँड्री'चे हे सामर्थ्य मान्य करूनही तिची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. चित्रपटातील मोकळे रान हे केवळ मुलग्यांचे आहे. शालू घर, शाळा आणि गावातील वाट एवढ्यातच दिसते, तीही मुख्यतः जब्याच्या नजरेतून. ती कोठे खेळते, तिला कोठवर जाऊ दिले जाते, तिच्यावरील बंधने कोण घालतो, याविषयी चित्रपट मौन पाळतो. जब्याच्या लग्नाला आलेल्या बहिणीचे जग तर झोपडी आणि काम यांपलीकडे जात नाही. जब्याला जात अडवते पण रान तरी मिळते. त्याच्या बहिणीला जात आणि बाईपण दोन्ही अडवतात, आणि तिच्या वाट्याला रानही येत नाही.

जब्याची दृष्टी हीच चित्रपटाची दृष्टी असल्यामुळे हे मौन कलात्मकदृष्ट्या समर्थनीय ठरू शकते. तथापि एक प्रश्न उरतो. राखेने शालू वश व्हावी, ही जब्याची इच्छा निरागस आहे. परंतु तीत शालूच्या इच्छेला स्थान नाही. ज्या मुलाच्या स्वातंत्र्यासाठी प्रेक्षक हळहळतो, त्याच्या स्वप्नात दुसऱ्या एका मुलीचे स्वातंत्र्य गृहीत धरलेले नाही. शेवटी शालू इतरांबरोबर हसते, तेव्हा प्रेक्षकाला तिचा राग येतो. गावाच्या पाळतीखाली वाढलेली मुलगी गावापेक्षा वेगळे कशी हसेल, हा विचार मात्र चित्रपट प्रेक्षकावर सोपवतो.

पडद्याबाहेरचा जिल्हा

कलाकृतीतील हा प्रश्न किती जिवंत आहे, याचे प्रत्यंतर जिल्ह्याने लवकरच दिले. 'फँड्री' प्रदर्शित होऊन अडीच महिने होत नाहीत तोच, 28 एप्रिल 2014 रोजी, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 17 वर्षे वयाच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. वरच्या मानलेल्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या रागातून हे घडल्याचा आरोप होता. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयाने या खटल्यातील आरोपींची निर्दोष मुक्तता केली. 13 जुलै 2016 रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे, जवळच राहणाऱ्या आजोबांकडे सायकलवरून गेलेल्या 15 वर्षे वयाच्या मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. नोव्हेंबर 2017 मध्येच न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. या घटनेनंतर राज्यभर मोर्चे निघाले.

या दोन घटनांची तुलना जातीच्या तराजूत अनेकदा झाली. मुलांच्या बाजूने त्यांकडे पाहिले तर दोहोंत एकच वेदना दिसते. एक मुलगा शाळेच्या वाटेवर सुरक्षित नव्हता, एक मुलगी आजोबांच्या वाटेवर. दोघेही आपल्याच गावात, पायाखालच्या वाटेवर होते. आणि अशा प्रत्येक घटनेनंतर समाजाचा पहिला प्रतिसाद वाट सुरक्षित करण्याचा नसतो, तो मुलांना, विशेषतः मुलींना, वाटेवरून काढून घेण्याचा असतो. ग्रामीण विद्यार्थिनींना एस. टी. चा मोफत पास देणारी योजना महाराष्ट्रात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने चालते. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी हे याच जामखेड तालुक्यात आहे. ही योजना निश्चितच उपकारक आहे. परंतु बस जेथे थांबते तेथून घरापर्यंतच्या पायवाटेचा पास कोण देणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

जिल्ह्यातील आणखी दोन वास्तवे येथे लक्षात घ्यावी लागतात. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून हा जिल्हा साखरेचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गळीत हंगामात ऊसतोड कामगार पहाटेच फडात जातात, आणि त्यांची मुले कोपीवर धाकट्या भावंडांसह राहतात. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय दिवस काढणारी ही मुले कोणत्याही व्याख्येने 'मुक्त' ठरतील, पण त्यांच्या कडेवर भावंड आहे आणि त्यांची शाळा मागे गावी राहिली आहे. दुसरे वास्तव उसातील बिबट्याचे. अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले, तेही अभयारण्यात नव्हे तर शेती आणि वस्तीच्या भूभागात. तेव्हा पालकाची प्रत्येक भीती ही शहरी मध्यमवर्गाची कल्पना आहे, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. वस्तीवर राहणारी आई तिन्हीसांजेला मुलाला हाक मारून घरात घेते, तेव्हा ती त्याचे स्वातंत्र्य हिरावत नसते. मात्र तिची भीती रास्त असली, तरी तिच्यावरील उपाय एकट्या तिच्यावर सोपवणे रास्त नाही. वाटेवर दिवा, वस्तीजवळ शाळा आणि घरात शौचालय असेल तर तीच आई मुलाला अधिक दूर जाऊ देईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

1) मुलांच्या मुक्त संचाराचा विचार केवळ पालकांच्या भीतीच्या अंगाने करणे अपुरे आहे. भारतीय ग्रामीण संदर्भात मुलाचे क्षेत्र पालकाइतकेच गावही ठरवते.

2) देखरेखीचा अभाव म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. 'फँड्री'तील जब्यावर देखरेख नाही पण पाळत आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर देखरेख नाही पण जबाबदारीचे ओझे आहे. काळजी असावी आणि पाळत नसावी, अशा स्थितीतच मूल मोकळे होते.

3) मराठी बालसाहित्याने हिंडणाऱ्या मुलाचा आनंद समर्थपणे टिपला. या आनंदामागील सामाजिक मान्यता मात्र 'उपरा'सारखी आत्मकथने आणि 'फँड्री'सारखे चित्रपट यांच्या शेजारी ते साहित्य ठेवल्यावरच दिसते. अभ्यासक्रमांत या कलाकृतींचे एकत्र वाचन व्हावे.

4) 'फँड्री'ने मुलग्याच्या रानाचा प्रश्न तीव्रतेने मांडला, परंतु मुलीचे रान तिच्या दृष्टिक्षेपाबाहेर राहिले. ज्या कलाकृतीत एखादी मुलगी कारणाशिवाय, केवळ हिंडावेसे वाटले म्हणून, माळावर फिरेल आणि सुखरूप परत येईल, अशी कलाकृती या मातीतून येणे बाकी आहे.

5) हरवलेल्या मैदानांविषयीची मध्यमवर्गाची खंत खोटी नाही, अपुरी आहे. जे मैदान सर्व मुलांचे कधीच नव्हते, ते परत आणण्याची मागणी करताना ते प्रथमच सर्वांचे व्हावे, अशी मागणी करणे अधिक न्याय्य ठरेल.

काळी चिमणी जब्याला मिळत नाही. ती मिळाली असती तरी गाव बदलले नसते. तरीही चिमणीमागे धावताना त्या मुलाला जे काही क्षण लाभले, ते त्याच्या उभ्या बालपणातील एकमेव निर्धास्त क्षण होते. असे क्षण रानापुरते न उरता गावाच्या वाटेवर, जत्रेत आणि शाळेच्या अंगणातही प्रत्येक मुलाला लाभावेत. बालस्वातंत्र्याची याहून मोठी व्याख्या करण्याची गरज नाही, आणि याहून लहान व्याख्येवर समाधान मानणेही योग्य नाही.